ताजी सुरमई घरी शिजवताना : थोडे तेल, थोडे मीठ आणि भरपूर बर्फ

१ जून ते ३१ जुलै या काळात आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. बंदी उठते, पावसाचा जोर ओसरतो आणि बंदरे पुन्हा गजबजतात. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो, तिच्या आसपासच धम्मचक्र प्रवर्तन दिन साजरा होतो. याच सुमारास बाजारात चांगली सुरमई दिसू लागते. मुंबईत ससून डॉक आणि भाऊचा धक्का, रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळचे हर्णै बंदर, अशा ठिकाणी बोटीवरून नुकतीच उतरलेली सुरमई मिळते. मालवण-गोव्याकडे हिलाच इसवण म्हणतात.

आपल्या आधीच्या पिढ्यांच्या ताटात ताजी सुरमई क्वचितच आली. सुकट, सुके बोंबील, खारवलेला बांगडा यांवरच भाकरी गोड मानली गेली. आज पगाराच्या आठवड्यात किंवा पाहुणे आले की आपणही सुरमई आणतो. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण महागामोलाचा मासा आणून तो तेलात बुडवून तळला, मिठाने खारट केला किंवा बिनबर्फाचा उन्हातून घरी आणला, तर पैसाही जातो आणि आरोग्यही. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर सुरमई निवडण्यापासून ताटात वाढण्यापर्यंतची सगळी माहिती देत आहोत.

सुरमईतून काय मिळते?

१०० ग्रॅम कच्च्या सुरमईत साधारण २० ग्रॅम प्रथिने असतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे दोन मध्यम तुकड्यांत दिवसाच्या गरजेचा मोठा वाटा निघतो. शिवाय बी-१२ जीवनसत्त्व, सेलेनियम आणि हृदयाला उपयोगी ओमेगा-३ मेद मिळतात. बी-१२ मज्जातंतूंसाठी आणि रक्त तयार होण्यासाठी लागते. ते नैसर्गिकपणे प्राणिज अन्नातूनच मिळते.

माशात लोह फार नसते, हेही लक्षात ठेवा. पण मासा सोबत असला की भाकरी, डाळ आणि पालेभाजीतले लोह शरीर अधिक चांगले शोषून घेते. त्यामुळे नुसता भात आणि तळलेली तुकडी यांपेक्षा भाकरी, पालेभाजी, लिंबाची फोड आणि सुरमई हे ताट केव्हाही सरस.

घेताना काय पाहावे?

मासा पूर्ण असेल तर डोळे पाहा. ते स्वच्छ, चमकदार आणि थोडे फुगीर हवेत. खोल गेलेले, दुधाळ नकोत. कल्ले उचलून पाहा. ते लालभडक हवेत. तपकिरी किंवा चिकट दिसले तर पुढे चला. अंगावर बोट दाबा. खड्डा लगेच भरून आला तर मासा ताजा. पोट घट्ट असावे. ताज्या माशाला समुद्राच्या पाण्यासारखा हलका वास असतो. उग्र किंवा आंबूस वास नसतो.

कापलेल्या तुकड्या घेत असाल तर मधल्या काट्याजवळचे रक्त पाहा. ते लाल हवे, काळपट नको. मांसाचे पदर एकमेकांपासून सुटलेले नकोत. शक्यतो मासा आपल्यासमोर कापून घ्या. कोळीण मावशींना मान देऊन विचारले तर मासा कधीचा, कुठल्या बंदरातला हे त्या सांगतात. आठवड्याला एकाच मावशींकडून घेतले तर फसवणूकही कमी होते.

फार लहान सुरमई घेऊ नये. तिने अजून अंडीही घातलेली नसतात. अशी पिल्ले पकडली गेली तर पुढच्या वर्षी समुद्रात मासा कमी होतो आणि भाव आणखी चढतो.

बर्फ का हवा?

लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट इथे आहे. सुरमई, बांगडा, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचा घटक भरपूर असतो. मासा मेल्यावर तो उबेत राहिला की त्यावरचे जीवाणू या हिस्टिडीनचे हिस्टामिन बनवतात. हिस्टामिन एकदा तयार झाले की ते उकळून, तळून किंवा गोठवून जात नाही. लिंबू, कोकम, हळद, मसाला यांनीही ते नाहीसे होत नाही. मासा दिसायला आणि वासाला बरा वाटला तरी ते असू शकते.

असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा दोनेक तासांत चेहरा लाल होतो, डोके ठणकते, अंगावर पित्त उठते, छातीत धडधडते, मळमळ किंवा जुलाब होतात. खाताना जिभेला चुरचुर लागू शकते. आपण याला ‘मासा बाधला’ किंवा ‘अ‍ॅलर्जी झाली’ म्हणतो आणि कधी कधी ‘नजर लागली’ म्हणून मीठ-मिरची ओवाळतो. नजर वगैरे काही नसते. हा बर्फ न वापरल्याचा परिणाम असतो. एकाच माशाचे जेवण झालेल्या घरातल्या दोघा-तिघांना एकदम त्रास झाला, तर बहुधा हेच कारण. अशा वेळी उरलेला मासा टाकून द्या आणि डॉक्टरांकडे जा. श्वास लागत असेल, ओठ किंवा घसा सुजला असेल, चक्कर येत असेल, तर एक क्षणही न थांबता रुग्णालय गाठा.

उपाय सोपा आहे. मासा घ्यायला जाताना झाकणाचा डबा किंवा थर्माकोलचा खोका न्या. जितका मासा तितकाच बर्फ, हे प्रमाण धरा. खाली फोडलेला बर्फ, मध्ये मासा, वर पुन्हा बर्फ. कापलेल्या तुकड्या असतील तर आधी पिशवीत घट्ट बांधा, म्हणजे त्या वितळलेल्या पाण्यात भिजत नाहीत. गावाहून मुंबईला एसटीने किंवा गाडीने मासा आणणाऱ्यांनी तर बर्फाशिवाय निघूच नये. नुसत्या पिशवीतला मासा पाच-सहा तासांच्या प्रवासानंतर खाण्याजोगा राहिला आहे, असे धरून चालू नका.

घरी आल्यावर मासा फ्रिजच्या सर्वांत थंड भागात ठेवा आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी शिजवा. जास्त दिवस ठेवायचा असेल तर एका जेवणाच्या मापाच्या पिशव्या करून बर्फाच्या कप्प्यात ठेवा आणि दोन-तीन महिन्यांत संपवा. गोठलेला मासा ओट्यावर नको, रात्रभर फ्रिजच्या खालच्या खणात ठेवून सुटा करा. एकदा सुटा केलेला मासा पुन्हा गोठवू नका. घरी फ्रिज नसेल तर जेवणापुरताच मासा आणा आणि आल्याबरोबर शिजवा.

साफ करणे

सुरमईचे खवले अगदी बारीक असतात, त्यामुळे साफ करायला सोपी. कल्ले आणि पोटातली घाण पूर्ण काढा. पोटाच्या आतली काळी पातळ त्वचा खरवडून काढली की कडवटपणा जातो. मासा आधी धुवा, मग कापा. तुकड्या पुन्हा पुन्हा चोळून धुऊ नका, चव निघून जाते. तुकडी अर्धा ते पाऊण इंच जाड ठेवा. फार पातळ तुकडी तव्यावर कोरडी पडते. मासा कापलेली सुरी आणि पाट साबणाने धुतल्याशिवाय त्यावर कांदा-काकडी चिरू नका.

१. तव्यावरची सुरमई

चार तुकड्यांसाठी : अर्धा चमचा हळद, एक ते दीड चमचा लाल तिखट, एक मोठा चमचा आले-लसणाचे वाटण, एक मोठा चमचा कोकमाचे आगळ किंवा अर्ध्या लिंबाचा रस आणि अर्धा छोटा चमचा मीठ. आगळ खारट असेल तर मीठ आणखी कमी करा. हे सर्व तुकड्यांना लावून पंधरा-वीस मिनिटे ठेवा. उन्हाळा असेल तर फ्रिजमध्ये ठेवा.

दोन मोठे चमचे तांदळाचे पीठ किंवा बारीक रवा ताटलीत घ्या. तुकडी दोन्ही बाजूंनी हलकेच दाबून जादा पीठ झटका. पीठ जितके जाड, तितके ते तेल पिते. जाड बुडाचा तवा चांगला तापवा, दोन छोटे चमचे तेल पसरवा, मग तुकड्या ठेवा. आच मध्यम. तीन-चार मिनिटे हात लावू नका. खालची बाजू खरपूस झाली की तुकडी आपोआप तव्यापासून सुटते. मग उलटून पुन्हा तीन-चार मिनिटे. काट्याजवळचे मांस पांढरे होऊन पदर सहज सुटले की झाली. झाकण ठेवू नका, नाहीतर पीठ ओलसर होते.

हिशेब पाहा : माणशी अर्धा चमचा तेल आणि साधारण अर्धा ग्रॅम मीठ. कढईत तळलेल्या तुकडीला तेल यापेक्षा कितीतरी जास्त लागते. एकदा तळलेले तेल पुन्हा पुन्हा तापवून वापरणे तर हृदयाला आणखीच वाईट.

२. पानात वाफवलेली सुरमई

यात तेल एक थेंबही लागत नाही. मूठभर कोथिंबीर, चार-पाच लसूण पाकळ्या, इंचभर आले, दोन हिरव्या मिरच्या, दोन चमचे ओले खोबरे, लिंबाचा रस आणि चिमूट-दोन चिमूट मीठ वाटून घ्या. वाटण दोन तुकड्यांना दोन्ही बाजूंनी लावा. केळीचे पान आचेवर किंचित शेकून मऊ करा, त्यात तुकडी गुंडाळा. इडलीपात्रात दहा-बारा मिनिटे वाफवा. पान नसेल तर झाकणाचा छोटा स्टीलचा डबा चालतो. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांसाठी आणि दात नसलेल्या आजी-आजोबांसाठी हा प्रकार उत्तम.

३. सुरमईचे पातळ कालवण

पाव वाटी ओले खोबरे, एक चमचा धणे, चार-पाच भिजवलेल्या सुक्या मिरच्या, अर्धा कांदा, पाव चमचा हळद बारीक वाटा. पातेल्यात एक चमचा तेलावर ठेचलेला लसूण परता, वाटण घाला, अडीच-तीन वाट्या पाणी घालून सात-आठ मिनिटे उकळू द्या. वाटण आधी शिजले पाहिजे, मासा नंतर. मग तुकड्या, चार आमसुले आणि बेताचे मीठ घाला. मंद आचेवर सहा-आठ मिनिटे पुरे. चमच्याने ढवळू नका, तुकड्या मोडतात. पातेले दोन्ही हातांनी धरून हलवा.

विदर्भ-मराठवाड्यात ओला नारळ महाग पडतो. तिथे कांदा, लसूण आणि एका टोमॅटोचे वाटण करा आणि रस दाट होण्यासाठी चमचाभर ज्वारीचे किंवा तांदळाचे पीठ पाण्यात कालवून घाला. ज्वारीच्या भाकरीबरोबर हे कालवण छान लागते. सुरमईऐवजी तळ्यातला, नदीतला ताजा मासा घेतला तरी कृती हीच.

४. डोक्याचे सार

डोके फेकू नका. कल्ले काढून स्वच्छ धुवा, दोन भाग करा. चार वाट्या पाणी, ठेचलेल्या सात-आठ लसूण पाकळ्या, पाच-सहा मिरी, चिमूटभर हळद घालून पंधरा मिनिटे उकळा, शेवटी दोन आमसुले घाला. गाळून काटे काढा. डोक्यातले मांस सोडवून पुन्हा सारात घाला. आजारातून उठलेल्या माणसाला मऊ भाताबरोबर हे द्यावे. डोके, शेपटीकडचा भाग आणि गाबोळी मिळून एका सुरमईत घरचे दुसरे जेवण निघते.

कोणी काळजी घ्यावी?

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या माता, लहान मुले : मोठे मासे लहान माशांना खातात, त्यामुळे त्यांच्या शरीरात पारा साठत जातो. पारा बाळाच्या मेंदूच्या वाढीला घातक असतो. सुरमईच्याच कुळातला किंग मॅकरेल नावाचा मोठा मासा गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांनी टाळावा, असे अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन सांगते. आपली सुरमईही मोठी आणि शिकारी आहे. म्हणून या काळात मासे सोडू नका, मासा बदला. बांगडा, तारली, मांदेली हे लहान मासे घ्या. ते स्वस्त आहेत आणि बांगडा-तारलीत ओमेगा-३ भरपूर असते. वरच्या तवा आणि कालवण या कृती त्यांनाही चालतात.

रक्तदाब असलेले : जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एका छोट्या चमच्याहून कमी मीठ खावे. सुकी मासळी, लोणचे आणि पापड यांतच ते संपून जाते. सुकट-बोंबील आपल्या जिभेची ओळख आहे, ती सोडा असे कोणी म्हणणार नाही. पण ती कोमट पाण्यात भिजवून, दोनदा धुऊन वापरा आणि त्या दिवशी कालवणात वेगळे मीठ घालू नका.

मूत्रपिंडाचा विकार किंवा वाढलेले युरिक अ‍ॅसिड असलेल्यांनी माशाचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. दर वेळी ताज्या माशानेही अंगावर पुरळ येत असेल तर ती खरी अ‍ॅलर्जी असू शकते. तपासणी होईपर्यंत मासा बंद.

दोन गैरसमज

मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने अंगावर पांढरे डाग येतात, हा समज घराघरांत आहे. त्याला वैज्ञानिक आधार नाही. कोड हा शरीराच्याच प्रतिकारशक्तीने रंगपेशींवर हल्ला केल्याने होतो. या खोट्या समजापायी कोड असलेल्या माणसांना, विशेषतः मुलींना, ‘काहीतरी खाल्ले असेल’ असे बोल ऐकावे लागतात. ते थांबले पाहिजे.

दुसरा समज, बाळंतिणीला मासा वर्ज्य. नीट शिजवलेला, ताजा लहान मासा बाळंतिणीला हवाच असतो. तिला नुसत्या भातावर ठेवून ताकद कुठून येणार?

शीलाचा प्रश्न

पंचशील घेतलेल्याने मासा खावा का, असा प्रश्न विहारात नेहमी निघतो. भिक्षूंसाठी बुद्धांनी घातलेली अट अशी होती की आपल्यासाठी प्राणी मारल्याचे पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली, तर ते अन्न घेऊ नये. भिक्षूंना मासे-मांस पूर्ण वर्ज्य करावे ही देवदत्ताची मागणी मात्र त्यांनी मान्य केली नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे आणि अहिंसा हे आंधळे बंधन नसून विचारपूर्वक पाळायचे तत्त्व आहे, असे समजावले आहे. वर्षावासात किंवा उपोसथाला मासा न खाणाऱ्या उपासक-उपासिकांचा आदर करावा; खाणाऱ्याला कोणी हिणवू नये आणि खाणाऱ्यानेही लाजू नये. चैन म्हणून आणून अर्धा टाकून देणे मात्र कुठल्याच शीलात बसत नाही.

वाढताना

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आता आपल्या घरातली पंगत आठवा. जाड मधल्या तुकड्या पुरुषांना आणि मुलग्यांना, मुलींना शेपटी, आणि शेवटी जेवणाऱ्या आईला तळाचा रस्सा. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजत असल्याचे सांगितले. ते मोजमाप स्वयंपाकघरातही लागू आहे.

तेव्हा या वेळी सुरमई आणाल तेव्हा घरात माणसे किती ते मोजा आणि तुकड्या तितक्या समान करा. सर्वांनी एकत्र बसा. बाजारातून मासा आणणे, साफ करणे, भांडी घासणे ही कामेही वाटून घ्या. महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत बर्फाची गोष्ट जरूर सांगा. एखाद्या घरातला त्रास टळला तरी हे पान सार्थकी लागले.

जयभीम. नमो बुद्धाय.